छातीच्या फोटोतला मोर

"जुना फोटो आहे का छातीचा?" असं डॉक्टरांनी विचारलं मात्र, आणि रेणूच्या मांडीवरची पिशवी सटकून खाली पडली. तिच्यात फुटण्यासारखं काही नव्हतं. डबा, पाण्याची बाटली आणि अकोल्याला आलोच आहोत तर म्हणून घेतलेल्या कपड्यांवरच्या रंगाच्या चार बाटल्या. ती खाली वाकून बाटल्या गोळा करत राहिली, लागायला हवा त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. वर डॉक्टर तिच्या नवऱ्याला, हेमसिंगला, समजावून सांगत होते ते तिला टेबलाखालून ऐकू येत होतं. उजव्या फुप्फुसात वरच्या अंगाला गाठ दिसते. लहान आहे, वाटाण्यापेक्षा थोडी मोठी. स्कॅनमध्येही ती कसली ते धड कळत नाही. जुनी असेल तर तिला हातही लावायचा नाही. लहानपणी टीबी होऊन जातो, माणसाला पत्ताही नसतो आणि वण तेवढा आत राहतो. नवी असेल तर मात्र नागपूरला जाऊन सुईनं तुकडा काढून तपासावा लागेल, आणि त्यात दिरंगाई चालायची नाही. "चार-पाच वर्षांपूर्वीचा फोटो असला तर दोन्ही शेजारी लावून दोन मिनिटांत सांगतो," डॉक्टर म्हणाले. "हाय न साहेब," हेमसिंग म्हणाला. "करोनातला हाय. घरी गादीखाली ठेवेल हाय मी." दोन महिन्यांच्या खोकल्यानं बसलेल्या त्याच्या आवाजात एकदम हुरूप आला होता. रेणू वर आली तेव्हा डॉक्टर नागपूरच्या दवाखान्याची चिठ्ठी लिहीत होते. तारीख सोमवारची. फोटो सापडला तर आधी मला आणून दाखवा, नाही सापडला तर सरळ तिकडे जा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. आज शुक्रवार होता.

वाशिमची बस लागलेलीच होती. खिडकीशी हेमसिंग बसला, शेजारी रेणू. "घरी गेल्याबरोबर पयले गादी उचलतो," तो म्हणाला, आणि रेणू नुसतं हं म्हणाली. गादीखाली तो फोटो नव्हता. चार वर्षं झाली, तो शिलाई मशीनच्या वर खिळ्याला लटकत होता आणि त्यात रंगकामाच्या साच्यासाठी मोर कापलेला होता. हेमसिंग रोज त्या खिळ्याखालून डबा घेऊन कामावर जायचा, संध्याकाळी त्याच खिळ्याखालून आत यायचा, त्याच मोराच्या अभ्र्यावर डोकं ठेवून झोपायचा. पण घरातलं रोजचं कोण न्याहाळून बघतं? सांगायचं तर आत्ताच सांगून टाकावं, बसच्या गोंगाटात, म्हणजे अर्धं ऐकू येईल आणि अर्धं त्याचं तो समजून घेईल. तिनं मनात वाक्य जुळवलं. पातूर गेलं, वाक्य तोंडापर्यंत येऊन परत खाली गेलं. घाटात बस वळणं घ्यायला लागली आणि तिनं पुढची दांडी धरली. मग एका विचारानं तिला जरा हुशारी आली. छातीत फुप्फुसं दोन असतात. मोर एकातच आहे. तो डावीकडच्यात कापलेला असला तर उजवी बाजू जशीच्या तशी शाबूत असणार, डॉक्टर ती उजेडावर लावतील आणि दोन मिनिटांत सांगतील. मोर कोणत्या बाजूला आहे? तिनं डोळे मिटले. मोराची चोच दाराकडे असते. नाही, ती पडद्याच्या पहिल्या पटाला. पडदे जोडीनं लागतात आणि दोन्ही मोरांनी एकमेकांकडे बघावं लागतं, म्हणून एका पटावर रंग टिपून झाला की ती फिल्म धुऊन पुसून उलटी करायची. हजार वेळा केलेलं काम, आणि त्या हातांना दोन्ही बाजू सारख्याच माहीत होत्या. मेडशीला बस थांबली तेव्हा हेमसिंगनं खाली उतरून गरम भजी आणली आणि तिच्या ओंजळीत पुडा ठेवला. "खाय. तोंड काहून उतरलं तुह्यं? जुनाच हाय तो डाग. माह्यं मन सांगून राह्यलं." तिनं एक भजं खाल्लं. पुड्याचा कागद तेलानं पारदर्शक झाला होता आणि त्यातून तिला स्वतःची बोटं दिसत होती.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत हेमसिंग अकरा दिवस दवाखान्यात होता. बाजार समितीत तो मापारी, सोयाबीनचे कट्टे काट्यावर चढवण्यात जन्म गेलेला. श्वास म्हणजे काय असतो हे त्याला त्या अकरा दिवसांतच कळलं. परत आला तेव्हा घरात सगळाच आनंदीआनंद होता, काम कुणालाच नव्हतं. लग्नं बंद तर ब्लाउज कोण शिवणार? रेणू दिवसभर मोबाइलवर बघत बसायची. कुठली कुठली बाई जुन्या साडीचे पडदे करायची, पिठाच्या पोत्याच्या उशा करायची, आणि त्यावर साच्यातून रंग टिपून फुलं उमटवायची. साच्याला लागतो तसला जाड प्लास्टिकचा कागद वाशिममध्ये मिळेना. मग तिला कुणीतरी सांगितलं, एक्स-रेची फिल्म घे, ब्लेडनं लोण्यासारखी कापली जाते आणि रंगानं भिजत नाही. गल्लीनं पोतंभर आणून दिल्या. प्रत्येक घरात एक मोडलेला गुडघा होता, सरकलेला मणका होता, आणि कुणालाच ते परत बघायचे नव्हते. लोक फिल्म ब्लीचिंगच्या पाण्यात टाकून काचेसारखी पांढरी करतात. रेणूनं एकदा करून पाहिली, पण पांढऱ्या कापडावर पांढरा साचा दिसेना. काळीच बरी. काळ्यावर पांढऱ्या पेन्सिलनं नक्षी उठून दिसते. फक्त हाडं आली की पंचाईत. हाडावर पेन्सिल हरवते, रेघ कुठून कुठे गेली ते कळत नाही. म्हणून छातीचा फोटो सगळ्यात चांगला. त्यात दोन मोठे काळे पट मिळतात, बरगड्या असतात पण फिक्या, आणि चित्र नेमकं फुप्फुसात बसवलं की ब्लेड चुकत नाही. हे तिनं तिचं तिनं शोधून काढलं होतं. पुढे शिकायला आलेल्या पोरींनाही तिनं हेच शिकवलं, आणि सांगताना तिला मोठा अभिमान वाटायचा. तो फोटो हेमसिंगनं आपण होऊन दिला होता, आणि पुढे ते साफ विसरून गेला होता. गादीखालून काढून, उजेडाकडे धरून, "घे हा. माह्या छातीत मोर काढ. कोनाच्या छातीत असते का मोर?" असं म्हणाला होता, आणि दोघं इतके हसले होते की त्याला ठसका लागला होता. ठसक्यानंतर श्वास नीट परत आला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे पाहिलं होतं. तेवढं सुख रेणूला त्या आधी कधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही.

मोर चालला. उशांचे अभ्रे, पडदे, पोरींचे फ्रॉक, ब्लाउजच्या पाठी, कुणाच्या बाळाची दुपटी, सगळीकडे तोच. पोहरादेवीच्या अलीकडे तिच्या माहेरचा तांडा, तिथे ती एकदा आपल्या याडीला, म्हणजे आईला, मोराचं ब्लाउज घेऊन गेली होती. गोमतीबाईनं उभा जन्म कशिदा काढलेला. कांचळीवर, म्हणजे चोळीवर, आरसे, कवड्या, बारीक टाक्यांचे पट्टे. एका फेटियाला दोन वर्षं लागायची आणि तो घागरा मग तीस वर्षं टिकायचा. तिनं ब्लाउज हातात घेतलं, मोरावरून अंगठा फिरवला आणि पहिलं काय केलं असेल तर ते उलटून पाहिलं. कशिदा काढणाऱ्या बाया तसंच करतात, कारण हाताची खरी पारख मागच्या अंगालाच होते, गाठी कुठे मारल्या, दोरा कुठून कुठे नेला. "याच्या उलट्या अंगाले काईच नाई व," गोमतीबाई म्हणाली. "रंग हाय तो याडी. इकून कसा दिसन?" रेणू म्हणाली. "तेच म्हनून राह्यली मी," गोमतीबाई म्हणाली, आणि ब्लाउज घडी करून ट्रंकेत ठेवून दिलं. तिनं ते कधी घातलं नाही. तेव्हा रेणूला राग आला होता. आता बस मालेगावच्या पुढे निघाली होती, आणि तिला वाटत होतं, मी तरी कुठे उलटून पाहिलं? हातात काय आहे ते एकदाही नीट न बघता मी त्यावर पेन्सिल फिरवली.

घरी आल्यावर हेमसिंगनं चपलाही न काढता गादी उचलली. खाली जुनी वर्तमानपत्रं आणि एक लग्नपत्रिका निघाली. तो दुसऱ्या बाजूनं उचलायला गेला, तेव्हा रेणूनं स्टुलावर चढून खिळ्यावरचा साचा काढला आणि त्याच्यापुढे धरला. बोलायला लागलं नाही. त्यानं तो घेतला, खिडकीशी नेला. दुपारचं लख्ख ऊन होतं. पाठीचा कणा मधोमध पांढरा, दोन्हीकडे बरगड्या, खाली हृदयाची सावली, आणि एका अंगाला बरगड्या तोडत गेलेला मोर, पिसारा खाली पसरलेला, मान वर. मोराच्या जागी खिडकी दिसत होती, खिडकीतून समोरच्याची पाण्याची टाकी दिसत होती. रेणू जवळ गेली. कोपऱ्यात हेमसिंगचं नाव आणि तारीख होती, आणि त्याच्या वर बाजू दाखवणारं इंग्रजी आर, म्हणजे उजवी. ते मोराच्या बाजूलाच होतं. बसमध्ये धरून ठेवलेली आशा तिथे संपली. हेमसिंगनं नवा फोटो पिशवीतून काढून जुन्याच्या मागे धरला. नव्यातला पांढरा ठिपका मोराच्या छातीच्या बरोब्बर मधोमध आला. "मीच म्हनलो होतो न तुले?" तो म्हणाला. "मोर काढ म्हून?" "नाई," रेणू म्हणाली. "मीच घेतला. तुमाले इचारलं नाई मी." त्यानं दोन्ही फोटो खाली ठेवले. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं चपला काढल्या, गादी नीट अंथरली आणि त्यावर बसून राहिला.

शनिवारी सकाळी तो करोनातल्या त्या दवाखान्याकडे जाऊन आला. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे, डॉक्टर पुण्याला मुलाकडे गेले, मशीनही कुणी घेऊन गेलं. तेवढ्यात रेणूनं कात्रणांचा डबा उपडा केला. कापून गळालेले तुकडे ती टाकत नसे. मोठे असतील ते उलट्या कामाला येतात. तुकडा कापडावर ठेवून भोवती रंग टिपला की मधली जागा कोरी राहते आणि नक्षी दिसते. डबा बिस्किटांचा, काठोकाठ भरलेला. पानं, पाकळ्या, पिसाऱ्यातले डोळे, कोयऱ्या, सगळं काळं, आणि कुणाच्या गुडघ्याचं काय आणि कुणाच्या छातीचं काय, काही ओळखू येऊ नये. ती एकेक उचलून मोराच्या भोकाला लावून बघत होती. पिसाऱ्यातले तीन डोळे बसले. एक पाय बसला. मग तिच्या हाताला एक बदामाच्या आकाराचा तुकडा लागला, तो मोराच्या छातीला लावला तर जवळजवळ बसला, आणि त्यावर पांढरा ठिपका होता. ती तो तुकडा घेऊन दारात गेली, उन्हात धरला. ठिपका होता. ज्वारीच्या दाण्याएवढा, कडेनं जरा फुगीर. फुगीर का असावा? फोटोतला डाग हाताला लागत नाही. तिनं नको नको म्हणत अंगठ्याचं नख त्यावर फिरवलं आणि ठिपका पापुद्रा होऊन नखात आला. पांढरा रंग होता, वाळलेला. खाली तुकडा काळाभोर होता. आणि नीट लावून पाहिलं तेव्हा तो मोराचा नव्हताच, कुठल्या तरी आंब्याच्या नक्षीतला होता. छातीचा तुकडा डब्यात नव्हता. दिवाळीच्या आवराआवरीत कधी गेला असेल. ती सगळे तुकडे परत भरत बसली, झाकण बसेना, कारण आता ते पहिल्यासारखे रचले जात नव्हते.

मग उरलं फक्त तिचं डोकं. ब्लेड चालवताना तिनं तो फोटो बघितला होता, निदान तासभर, नाकासमोर धरून. जगात तो शेवटचा तिनंच बघितला. तिथे डाग होता का नव्हता, हे माहीत असायला हवं अशी ती एकटीच. तिनं आठवायचा जीव तोडून प्रयत्न केला. पेन्सिल आठवली, बोथट झाली म्हणून मधे टोक केलं ते आठवलं. बाहेर भंगारवाला ओरडत होता. मानेचा बाक दुसऱ्यांदा काढला. ब्लेड मानेवरून छातीकडे उतरतं, तिथे वळण अवघड, जीभ दातात धरून काढावं लागतं. आणि खाली काय होतं? काळं. नुसतं काळं की काळ्यात काही? कापणाऱ्याला रेघ दिसते, रेघेच्या आतलं गळूनच जायचं असतं, ते कोण बघतं? आपल्या नवऱ्याची छाती तासभर डोळ्यांसमोर होती आणि आपण मोर बघत होतो, असं तिला वाटलं आणि स्वतःची किळस आली. एखादी दुसरी बाई असती तर तिनं पाहिलं असतं का? शिकलेली असती तर? रात्री-अपरात्री उठून तीर्थाला पायी जाणाऱ्या, नवस बोलणाऱ्या बाया तिला बऱ्या वाटल्या. त्यांना निदान काही करता येतं.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर हेमसिंगनं नागपूरची चिठ्ठी काढली, वाचली, परत घडी केली. घडी घालून घालून ती मधे फाटायला आली होती. "रूपलाभाऊले सुई लावली होती," तो म्हणाला. रूपला त्याचा थोरला भाऊ. गळ्यात गाठ होती, नागपूरला नेला, महिन्याभरात आटोपला. "सुई लावली अन् सगळीकडं पसरलं. सारा तांडा सांगते." "असं नसते जी. उशिरा नेलं होतं त्याइले," रेणू म्हणाली. हे तिला नक्की माहीत होतं. तिनंच तेव्हा रूपलाचा डबा करून दिला होता आणि गाठ लिंबाएवढी झालेली तिनं डोळ्यांनी पाहिली होती. "असन," हेमसिंग म्हणाला. त्याचं लक्ष नव्हतं. तो तिच्याकडे बघत होता, आणि पुढे काय येणार ते तिला कळलं. "तूच कापला न तो. कापतानी पाह्यलं असन तू. होता का डाग तवा?" त्याचं तोंड ती ओळखत होती. करोनातल्या त्या अकरा दिवसांच्या आधी, दवाखान्याच्या दारात, आत जाताना त्यानं असंच मागे वळून पाहिलं होतं. मले आठवत नाई, एवढे तीन शब्द होते. ते खरे होते आणि ते म्हटले असते तर उद्या सकाळी सातच्या बसनं दोघं नागपूरला गेले असते.

"होता," रेणू म्हणाली.

"होता?"

"पांढरा. ज्वारीच्या दान्याएवढा. मोराच्या छातीपाशी आला होता, म्हून मी त्याच्यावरूनच पेन्सिल फिरवली."

"खरं सांगून राह्यली न?"

"खोटं कायले बोलू?"

त्यानं डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. "मंग जुनाच हाय तो," तो म्हणाला. "डॉक्टरच म्हनले न, जुना असन तर हात लावाची गरज नाई." त्यानं चिठ्ठी खिशात घातली नाही, तिथेच वर्तमानपत्रावर ठेवली, आणि पाच मिनिटांत त्याला झोप लागली. शुक्रवारपासून पहिल्यांदाच. तोंड जरासं उघडं, छाती वर-खाली होत होती. रेणू बसून बघत होती. तिला वाटलं होतं, तो उठला की सांगून टाकू. पण भलतंच होऊन बसलं. आपण बोललो तो ठिपका तिला दिसायला लागला. पेन्सिलखाली, बरगडीच्या जरा वर, पांढरा, स्वच्छ. आधी तिथे काही आठवत नव्हतं, आता लख्ख आठवत होतं. कदाचित खरंच होता. की काल नखानं खरवडलेला तोच जाऊन तिथे बसला? खरं-खोटं जे काही मनाच्या तळाशी असेल त्यावर आता रंग बसला होता, आणि तो निघणारा नव्हता. आता तिला शपथ घालून विचारलं तरी सांगता आलं नसतं. तिला त्याला वाचवायचं होतं की कापणारी म्हणून स्वतःला, हेही तिला सांगता आलं नसतं. तिला फक्त भीती वाटत होती, आणि ती भीती आता एकटीची होती.

सोमवारी हेमसिंग सहाला उठला. दाढी केली. सात वाजले तेव्हा तो आरशापुढे मिशी कातरत होता, आणि रेणू चुलीपाशी घड्याळाकडे पाठ करून भाकरी थापत होती. कुठेतरी लांब एक हॉर्न वाजला, तो नागपूरच्या बसचाच असेल असं काही नाही. आठ वाजता त्यानं सायकल बाहेर काढली. दारात त्याला खोकला आला, कोरडा, तोच. त्याचा हात छातीवर गेला. मग रेणू बघते आहे असं दिसल्यावर त्यानं तो हात उचलून शर्टाचं वरचं बटण लावलं, जसं काही त्यासाठीच नेला होता. "ऐका न," रेणू म्हणाली. तो थांबला. सायकलीची मूठ धरून, मान वळवून, तिच्याकडे न बघता थांबला, आणि त्या थांबण्यातून तिला कळलं की त्यालाही माहीत आहे. कालच माहीत होतं. तिनं काहीही सांगितलं असतं तरी त्यानं ते घेतलं असतं, त्याला तेवढंच हवं होतं, आणि आता तिनं ते परत मागू नये म्हणून तो असा मान खाली घालून उभा होता.

"डबा राह्यला," ती म्हणाली.

त्यानं डबा घेतला आणि गेला.

रेणू आत आली. टेबलावर पडद्याचं कापड होतं, फिकट पिवळं, आठ पट. तिच्या गिऱ्हाईक सुकेशनीताईंचं नवं घर भरायचं होतं गुरुवारी, आणि त्यांना मोरच हवे होते. तिनं साचा धुतला, पुसला, कापडाला चारी कोपऱ्यांत टाचण्या लावल्या. निळा रंग ताटलीत काढला, स्पंज बुडवला, जास्तीचा रंग वर्तमानपत्रावर टिपून घेतला. वर्तमानपत्रावर चिठ्ठी तशीच पडलेली होती, तिच्यावर एक निळा डाग उमटला. मग तिनं नेहमीच्या रीतीनं कडांपासून सुरुवात केली, आधी पिसारा, मग पाय, मग मान, हळूहळू मधे येत. छातीपाशी आल्यावर तिचा हात थांबला. तेवढी एक जागा पिवळी राहिली होती, दाण्याएवढी. तिनं स्पंज परत बुडवला आणि तीही भरून टाकली.